गोमंतकाची कैफियत जगाच्या दारी नेणारे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा



दर वर्षी डिसेंबर उजाडला की संत फ्रान्सिस झेवियरच्या सणासाठी आपल्या धर्मग्रामातून जुन्या गोव्याला बस जाते. नोव्हेनाच्या दिवसांत जागा मिळवण्यासाठी केवढी धावपळ! पहाटे निघायचे, बांद्याला चहा घ्यायचा, पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा. दर्शन, मिस्सा, कुमसार आटोपले की परतताना पणजीत तासभर बाजारहाट. मागच्या एका खेपेला असेच पणजीत उतरलो असता आपल्या युवक मंडळातल्या एका मुलाने आझाद मैदानावरच्या स्मारकाकडे बोट दाखवले आणि हे कोण, म्हणून विचारले. नाव तर आपल्या लोकांसारखेच दिसत होते. उत्तर देताना आमची तारांबळ उडाली. गोव्यासाठी तुरुंगात गेलेले कोणी मोठे गृहस्थ, एवढेच काय ते सांगता आले. पोरगा हुशार. ते कॅथॉलिक होते का, असा पुढचा प्रश्न त्याने लगेच टाकला.

होते. आणि हा प्रश्न त्या मुलाला का पडला, हेही आम्हाला ठाऊक आहे. आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्या पुष्कळांना शाळेत कधी ना कधी फिरंगी म्हणून चिडवले गेले आहे. आम्हालाही चिडवले. मनात राग नाही, मुले ती मुलेच. पण नाव फर्नांडिस, लोबो किंवा डिसोजा असले की हा माणूस मनाने पोर्तुगालचा, असा समज आपल्या किनारपट्टीवर बराच काळ होता. त्या समजाला ज्या एका माणसाने उभ्या आयुष्याने उत्तर दिले, त्याची ओळख आपल्या मुलांना नसावी, याची खंत वाटली. म्हणून मिळेल ते वाचून काढले आणि जे हाती लागले ते आपणांसमोर ठेवीत आहोत.

त्यांचे नाव त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा. लोक त्यांना डॉ. टी. बी. कुन्हा म्हणून ओळखतात, जरी त्यांचे शिक्षण इंजिनिअरचे होते. त्यांचा जन्म दि. २ एप्रिल १८९१ रोजी सासष्टीतल्या चांदर गावी झाला. चांदरचे ब्रागांझांचे वाडे आजही पर्यटक तिकीट काढून पाहतात. कुन्हांचे मूळ गाव कासावलीजवळचे कुयेली. घर खातेपिते, शिकलेले, पोर्तुगीज भाषेत वावरणारे. अशा घरातल्या मुलाने सरकारी नोकरी धरायची किंवा लिस्बनला जाऊन वकील, डॉक्टर व्हायचे, ही तेव्हाची वाट. हा मुलगा मात्र पणजीचे शिक्षण संपवून गेला पाँडिचेरीला, म्हणजे फ्रेंचांच्या वसाहतीत, आणि तेथून १९१२ साली थेट पॅरिसला. तेथे विजेचे इंजिनिअरिंग शिकला आणि चौदा वर्षे राहिला.

या चौदा वर्षांत पहिले महायुद्ध होऊन गेले. १९१९ साली अमृतसरला जालियनवाला बाग घडले. ब्रिटिशांनी बातम्या दाबून ठेवण्याची शिकस्त केली होती. इंग्रजी वर्तमानपत्रांतून युरोपला जे कळत होते ते राज्यकर्त्यांच्या सोयीचे. अशा वेळी कुन्हा फ्रेंच वृत्तपत्रांतून लिहू लागले. अमृतसरला काय झाले, गांधी नावाचा माणूस कोण आहे, हिंदुस्थानात लोक काय मागत आहेत, हे फ्रेंच वाचकांना त्यांच्याच भाषेत सांगणाऱ्या पहिल्या काही मंडळींत ते होते. स्वतःच्या गोव्याबद्दल त्यांनी पुढे जे केले त्याची शिकवणी येथेच झाली, असे आम्हाला वाटते. गावातला सावकार जुलूम करू लागला आणि पाटीलही त्याच्याच पंक्तीला बसणारा निघाला, तर माणूस तालुक्याला जातो. कुन्हांचा तालुका म्हणजे सारे जग.

१९२६ साली ते गोव्यात परतले. त्याच वर्षी मे महिन्यात पोर्तुगालमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि दोनच वर्षांत सालाझार नावाचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक मंत्री झाला. १९३२ पासून तो पंतप्रधान. त्याची राजवट किती कडक होती हे आपल्या थोरल्या मंडळींनी गोव्यातल्या पाहुण्यांकडून ऐकले असेल. सभा घ्यायची तर परवानगी, छापायचे तर सेन्सॉर. लग्नपत्रिकासुद्धा तपासून घ्यावी लागे!

अशा मुलखात कुन्हांनी १९२८ साली गोवा काँग्रेस समिती स्थापन केली आणि त्याच वर्षीच्या कलकत्ता अधिवेशनात ती राष्ट्रीय काँग्रेसला जोडून घेतली. गोमंतकीय माणूस हा हिंदी माणूस आहे, त्याचे राजकारण लिस्बनशी नव्हे, भारताशी बांधलेले आहे, एवढीच त्यामागची भूमिका. आज ती साधी वाटते. त्या काळी ती राजद्रोहाच्या काठावरची होती. १९३० साली सालाझारने वसाहतींचा कायदा आणला. त्याने गोव्यासारख्या मुलखांचे स्थान पोर्तुगालच्या मालकीच्या वस्तूसारखे करून टाकले. तेव्हा चांदरचेच लुईस मिनेझिस ब्रागांझा यांनी विधिमंडळात उभे राहून गोमंतकीयांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला. कुन्हा आणि ते नात्यातले. एका घराण्याच्या परिसरातून असे दोन आवाज निघावेत, हे विशेष.

कुन्हा केवळ उच्चवर्णीयांच्या हक्कांसाठी भांडत नव्हते. गोव्यातल्या कुणबी स्त्रीपुरुषांना फूस लावून आसामच्या चहामळ्यांवर नेले जाई आणि तेथे त्यांची अवस्था वेठबिगारांसारखी होई. हा प्रकार त्यांनी लिहून उघडकीस आणला. आमच्या मते त्यांच्या साऱ्या कामात हे काम फार मोलाचे होते, पण पुस्तकांतून त्याला एखाददुसरी ओळच मिळते.

पुढे १९३४ च्या सुमारास काँग्रेसच्या नव्या घटनेमुळे परक्या राज्यातल्या समित्यांचे संलग्नत्व गेले आणि गोव्याची समिती उघड्यावर पडली. कुन्हांनी धीर सोडला नाही. १९३८ साली समितीची शाखा मुंबईत उघडली. मुंबईच का? कारण आपल्याप्रमाणेच निम्मा गोवा मुंबईत. कुडांत राहणारे खलाशी, आचारी, बटलर, गिरणीत आणि कचेऱ्यांत काम करणारे हजारो लोक. तेथे सेन्सॉरचा हात पोचत नव्हता.

मुंबईतच १९४४ साली त्यांची एक पुस्तिका निघाली. गोमंतकीयांचे राष्ट्रीयत्व कसे हिरावले गेले, हा तिचा विषय. पोर्तुगिजांनी केवळ जमीन घेतली नाही, माणसाला आपल्या भाषेची, पेहरावाची, शेजाऱ्याची लाज वाटेल असे केले, हा तिचा गाभा. १६८४ साली व्हाइसरॉयने हुकूम काढून तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलायला फर्मावले होते, हे त्यांत येते. राज्यकर्त्यांनी धर्माचा सत्तेसाठी कसा वापर करून घेतला, तेही येते, आणि येथे कुन्हा ख्रिस्तसभेलाही सोडत नाहीत. वाचताना आम्हाला काही पाने झोंबली, हे कबूल करतो. आपल्या पूर्वजांची श्रद्धा म्हणजे निव्वळ सत्तेचे दडपण, असे मानायला आमचे मन तयार नाही. घरोघरी तेर्स म्हणणाऱ्या, क्रुसाला दिवा लावणाऱ्या आज्या काही कुणाच्या हुकमाने तसे करीत नव्हत्या. कुन्हा डाव्या विचारांचे होते आणि त्यांच्या लेखणीला ती धार होती. पण त्यांनी विचारलेला प्रश्न खरा होता. येशूवर विश्वास ठेवण्यासाठी राजाही युरोपचा असावा लागतो का? आपण त्याचे उत्तर केव्हाच देऊन बसलो आहोत. त्यांच्या काळी ते द्यायला धाडस लागत होते.

मग १९४६ साल उजाडले. डॉ. राममनोहर लोहिया प्रकृतीला आराम पडावा म्हणून असोळणे येथे आपले मित्र डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्याकडे आले होते. गोव्यात साधी सभाही घेता येत नाही हे पाहून त्यांनी आराम बाजूला ठेवला. दि. १८ जून १९४६ रोजी, भर पावसात, मडगावला सभा जाहीर झाली. पोलिसांनी लोहियांना आणि मिनेझिसना पकडले, पण जमलेली माणसे पांगली नाहीत. चारशे वर्षांत जे तोंडातून निघाले नव्हते ते त्या दिवशी रस्त्यावर आले. पुढचे काही आठवडे सभा, मोर्चे, मारहाण, धरपकड चालू राहिली. कुन्हा त्या वेळी पंचावन्न वर्षांचे होते. ते मागे बसून पत्रके लिहीत राहू शकले असते. ते सभांना गेले, मार खाल्ला आणि जुलैमध्ये पकडले गेले.

त्यांना आग्वादच्या किल्ल्यात ठेवले. कळंगुट, कांदोळीला फिरायला गेलेल्यांनी तो किल्ला आणि तिथले दीपगृह पाहिले असेल. समुद्राकडच्या बाजूला तुरुंग होता. पावसाळ्यात तिथल्या ओल धरलेल्या, अंधाऱ्या कोठडीत माणसाचे काय होत असेल, याची कल्पना किनाऱ्यावर राहणाऱ्या आपणा लोकांना करता येईल. नंतर खटला चालला तो साध्या न्यायालयात नव्हे, लष्करी न्यायासनापुढे. अशा न्यायासनापुढे उभे केलेले ते गोव्यातले पहिले मुलकी नागरिक मानले जातात. शिक्षा आठ वर्षांची आणि तीही गोव्यात नव्हे. त्यांना बोटीत घालून पोर्तुगालला नेले आणि अटलांटिक समुद्राच्या काठावरच्या पेनिश किल्ल्यात बंद केले. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे, जुझे इनासियु लोयला हेही त्या सुमारास तेथे पाठवले गेले. हिंदू आणि ख्रिस्ती एकाच किल्ल्यात, एकाच गुन्ह्यासाठी.

महात्मा गांधींनी हरिजन साप्ताहिकातून गोव्यातल्या दडपशाहीविरुद्ध लिहिले, गव्हर्नर जनरलला पत्रही धाडले. कुन्हांची सुटका मात्र व्हायची तेव्हाच झाली. १९५० साली तुरुंगाचे दार उघडले, पण देशाचे नाही. त्यांना पोर्तुगालमध्येच पोलिसांच्या नजरेखाली राहावे लागले. तीन वर्षे त्यांनी अशी काढली. १९५३ साली ते निसटून पॅरिसला पोचले, त्यांच्या तरुणपणीच्या शहरात. सप्टेंबरमध्ये मुंबईत उतरले. वय बासष्ट, शरीर थकलेले.

एवढ्यात जगात आणि दिल्लीत काय चालले होते, ते थोडे सांगायला हवे, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही.

ब्रिटिश १९४७ साली गेले. पाँडिचेरी सोडण्याबाबत फ्रेंचांशी बोलणी सुरू झाली आणि दि. १ नोव्हेंबर १९५४ रोजी तिचा कारभार भारताकडे आला. पोर्तुगालला मात्र बोलायचेच नव्हते. भारताने दि. २७ फेब्रुवारी १९५० रोजी वाटाघाटींची रीतसर मागणी केली. लिस्बनचे म्हणणे असे की गोवा ही वसाहतच नाही, मग सोडायचे काय? १९५१ साली त्यांनी आपली राज्यघटना बदलून वसाहतींना सागरापलीकडचे प्रांत असे नाव दिले. पाटी बदलली की दुकान बदलते, असा हा युक्तिवाद! शेवटी भारताने जून १९५३ मध्ये लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली.

पोर्तुगाल एवढा ताठ कशाच्या जोरावर होता? देश लहान, गरीब. पण १९४९ पासून तो अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स यांच्या नाटो या लष्करी करारात होता. त्याच्या असोरिस बेटांवर अमेरिकेचा विमानतळ होता आणि तो हातचा जाऊ नये म्हणून वॉशिंग्टन सालाझारला दुखवायला तयार नव्हते. ब्रिटनशी तर त्याचा शतकानुशतकांचा जुना तह. याखेरीज सालाझार जगाला आणखी एक गोष्ट सांगत असे, आणि ती आपल्याशी निगडित होती. गोवा हा कॅथॉलिक मुलूख आहे, संत फ्रान्सिस झेवियरची भूमी आहे, ती हिंदू भारताच्या हाती गेली तर ख्रिस्ती लोकांचे काय होईल, असा त्याचा सूर. आपल्या नावाने, आपल्याला न विचारता, आपली ढाल केली गेली होती.

कुन्हांनी मुंबईत येताच हीच ढाल हाती धरली. गोव्याच्या निरनिराळ्या संघटनांना एकत्र आणणारी गोवा कृती समिती त्यांनी चालवली आणि फ्री गोवा नावाचे इंग्रजी पत्र काढले. इंग्रजी का, तर ते वकिलातींत वाचले जावे म्हणून. फ्रेंच, पोर्तुगीज, इंग्रजी या तिन्ही भाषांवर हुकमत असलेला, सालाझारच्या तुरुंगातून आलेला, नावाने आणि जन्माने कॅथॉलिक असा माणूस जेव्हा गोवा हा धर्माचा प्रश्न नाही असे लिहितो, तेव्हा परदेशी पत्रकाराला ते खोडून काढणे कठीण जाते. गोव्यातली बहुसंख्य प्रजा हिंदू आहे, भारतात लाखो कॅथॉलिक सुखाने राहतात आणि गोव्याबाहेर पोटासाठी गेलेला गोवेकर लिस्बनला नव्हे, मुंबईला जातो, हा त्या बाजूचा साधासुधा पुरावा.

आणि येथे आपला सिंधुदुर्ग या गोष्टीत येतो. तेव्हा जिल्हा रत्नागिरी होता, सिंधुदुर्ग १९८१ साली वेगळा झाला. दि. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोमंतकीय सत्याग्रहींच्या तीन तुकड्या गोव्यात शिरल्या. एक दक्षिणेला पोळेहून, एक आपल्या बांद्याहून आणि एक तेरेखोलला. त्यांचे पुढारी होते अँथनी डिसोजा, मार्क फर्नांडिस आणि आल्फ्रेड आफोन्स. नावे पुन्हा वाचा. तीनही कॅथॉलिक. सालाझार ज्यांच्या रक्षणासाठी गोवा सोडत नव्हता म्हणे, तेच तिरंगा घेऊन आत जात होते.

तेरेखोलचा किल्ला आपल्या सर्वांना माहीत आहे. आरोंदा, रेडीच्या बाजूने गेलो की नदी न ओलांडताच आपण तेथे पोचतो, कारण तो गोव्याचा असून नदीच्या आपल्या काठावर आहे. बांधला सावंतवाडीकर भोसल्यांनी, १७४६ साली घेतला पोर्तुगिजांनी. आत संत अंतोनीचे देऊळ आहे. आल्फ्रेड आफोन्स आणि त्यांच्या सोबत्यांनी तो किल्ला बिनहत्यारी ताब्यात घेतला आणि त्यावर तिरंगा फडकवला. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज शिपाई आले, सत्याग्रही पकडले गेले. पण बातमी जगभर गेली, आणि सत्याग्रहाचा हेतू तोच होता. त्याच्या थोडे आधी, जुलै आणि ऑगस्टमध्ये, दादरा आणि नगरहवेली हे दमणजवळचे मुलूख पोर्तुगिजांच्या हातून सुटले होते.

पुढच्या वर्षीची कथा रक्ताची आहे. दि. १५ ऑगस्ट १९५५ रोजी महाराष्ट्रातून आणि देशभरातून आलेले हजारो सत्याग्रही सरहद्दीवर उतरले. पत्रादेवीला गोळीबार झाला. पंजाबचा कर्नेलसिंग तेथे पडला. त्या दिवशी सगळ्या नाक्यांवर मिळून वीसहून अधिक माणसे गेली. आपली बस ज्या नाक्यावरून जाते तो हाच. तेथले स्मारक खिडकीतून दिसते. आपण तोवर जागे असतोच असे नाही.

यानंतर सरहद्द बंद झाली. रेल्वे थांबली, माल थांबला, भारताने गोव्यातली आपली वकिलात उठवली. आर्थिक कोंडी हे दबावाचे हत्यार खरे, पण ते वापरले की आधी साध्या माणसाला लागते. पेडणे आणि सावंतवाडी यांची सोयरिक पिढ्यान्‌पिढ्यांची. मुलीचे सासर पलीकडे, भावाची बागायत अलीकडे. फेस्ताला जाणे बंद, मयताला जाणे बंद. चोरवाटांनी माणसे जात आणि पकडली जात. आमच्या घरी एका आत्याचे नाव काढले की आजी गप्प होई. म्हापशाकडे दिलेली ही आत्या बाळंतपणात गेली, तेव्हा इकडच्यांना कळले ते महिन्याने. असली दुःखे कुठल्याही राजदूताच्या अहवालात नोंदली जात नाहीत.

त्या १९५५ सालात दोन गोष्टी घडल्या, त्या एकमेकींशेजारी ठेवण्यासारख्या आहेत. दि. ८ जुलै रोजी पंडित नेहरू रोमला पोप पायस बारावे यांना भेटले. भेटीनंतर नेहरूंनी सांगितले की गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नव्हे, हे पोपमहोदयांनाही मान्य आहे. सालाझारच्या ढालीला पडलेले हे सर्वांत मोठे भगदाड. तिकडे दि. २ डिसेंबर रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री यांनी एक जोडपत्रक काढले आणि त्यात गोव्याला पोर्तुगालचा प्रांत समजूनच भाषा वापरली. भारतभर संताप उसळला. गंमत म्हणजे त्या पोर्तुगीज मंत्र्याचे आडनावही कुन्हा, पाउलु कुन्हा. एक कुन्हा वॉशिंग्टनच्या दालनात आणि दुसरा मुंबईच्या एका छोट्या कचेरीत. नेमक्या त्याच दिवसांत रशियाचे बुल्गानिन आणि ख्रुश्चेव भारताच्या दौऱ्यावर होते आणि त्यांनी गोव्याच्या बाबतीत भारताची बाजू उघडपणे उचलून धरली. गोवा अशा रीतीने शीतयुद्धाच्या खेळातली एक सोंगटी झाला. कुन्हांना डाव्यांची सहानुभूती होती आणि ते ती लपवीत नसत. पण रशियाने पाठ थोपटली म्हणून मागणी खोटी ठरत नाही, तसेच अमेरिकेने डोळे झाकले म्हणून जुलूम पुण्य ठरत नाही.

दि. १४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला. आपली बाजू भक्कम झाली असे त्याला वाटले असावे. झाले उलटेच. संघाच्या सनदेत एक कलम आहे, ७३ वे. ज्यांच्या ताब्यात स्वराज्य नसलेले मुलूख आहेत त्यांनी तिथल्या लोकांच्या स्थितीची माहिती नियमाने द्यावी, असे ते सांगते. तुमच्याकडे असे मुलूख आहेत का, असे पत्र संघाच्या सरचिटणीसांनी पाठवले. पोर्तुगालने नाही म्हणून कळवले. या एका नकारावर पुढे पाच वर्षे वाद चालला आणि जसजसे आशिया आणि आफ्रिकेतले नवे देश सभासद होत गेले, तसतसा पोर्तुगाल एकटा पडत गेला.

याच काळात पोर्तुगालने भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. दमणहून दादरा, नगरहवेलीला जाण्याचा वाट-हक्क त्याला हवा होता. येथे एक गोष्ट मराठी वाचकाला सुखावणारी आहे. पोर्तुगालचा दावा उभा होता तो पेशव्यांशी १७७९ साली पुण्यात झालेल्या तहावर, आणि हेगच्या न्यायमूर्तींसमोर मराठी सनदांचा अर्थ लावण्याची वेळ आली! पेशव्यांनी दिले ते बारा हजार रुपयांच्या वसुलाचे उत्पन्न की राज्याचा हक्क, हा मुद्दा. न्यायालयाने मान्य केले की मराठ्यांनी दिला तो वसूल, सार्वभौमत्व नव्हे. ते पुढे ब्रिटिशांनी गृहीत धरले, एवढेच. निकाल दि. १२ एप्रिल १९६० रोजी लागला. साधी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती, शिपाई आणि शस्त्रे यांना नव्हती, आणि भारताने वाट अडवली त्यात कर्तव्याचा भंग केला नाही.

हा निकाल कुन्हांनी पाहिला नाही. दि. २६ सप्टेंबर १९५८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय सदुसष्ट. पॅरिसहून परतल्यापासून मरेपर्यंतची पाच वर्षे त्यांनी गोव्याचा किनारा पाहिला नाही. कुयेली आणि चांदर मुंबईपासून एका रात्रीच्या बोटीच्या अंतरावर, पण त्यांना बंद. पुढच्या वर्षी, १९५९ साली, स्टॉकहोमला जागतिक शांतता परिषदेने त्यांना मरणोत्तर सुवर्णपदक दिले. त्यांची भाची बेर्ता मिनेझिस ब्रागांझा हिनेही फ्री गोवासाठी लेखणी झिजवली. त्यांच्या लेखांचा संग्रह १९६१ साली मुंबईत प्रसिद्ध झाला.

त्यांच्या पश्चात जे घडले ते वेगाने घडले. दि. १४ डिसेंबर १९६० रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने सर्व वसाहतींना स्वातंत्र्य देण्याची घोषणा केली. बाजूने ८९ मते, विरोधात एकही नाही, ९ तटस्थ, त्यांत पोर्तुगाल. दुसऱ्याच दिवशी संघाने पोर्तुगालच्या ताब्यातल्या मुलखांची नावानिशी यादी केली आणि हे प्रांत नव्हेत, स्वराज्य नसलेले मुलूख आहेत, त्यांची माहिती द्या, असे बजावले. यादीत अंगोला होते, मोझांबिक होते आणि गोवाही होता. पाटी बदलण्याची युक्ती जगाने नाकारली. सालाझारने तरीही माहिती दिली नाही.

शेवट सैन्याने केला. दि. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सेना गोव्यात शिरली, एक तुकडी आपल्या दोडामार्गाहून. दि. १९ रोजी गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. शेवटच्या माणसापर्यंत लढा, हा लिस्बनचा हुकूम त्यांनी मानला नाही आणि हजारो जीव वाचवले. मायदेशी त्यांना त्याची शिक्षा मिळाली. भारताचे २२ जवान गेले, पोर्तुगालचे सुमारे ३०. सुरक्षा समितीत अमेरिका आणि ब्रिटन यांनी भारताला मागे हटायला लावणारा ठराव आणला, रशियाने तो नकाराधिकाराने पाडला. शस्त्र उचलायला नको होते असे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. आम्हालाही अहिंसेच्या देशाने तोफा आणल्या याचे वाईट वाटते. पण चौदा वर्षे बोलणीच नाकारली गेली, हेही त्याच पारड्यात टाकावे लागते. आणि गोव्याची लढाई दीड दिवसात संपली, पोर्तुगालच्या मदतीला कुणीही धावले नाही, जुन्या तहाचा ब्रिटनही नाही, याचे श्रेय कागदावर लढणाऱ्यांना द्यायला हवे. त्या कागदांत कुन्हांचे कागद होते.

पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते आणखी तेरा वर्षांनी. १९७४ च्या एप्रिलमध्ये लिस्बनला हुकूमशाही कोसळली, पेनिशच्या किल्ल्यातले राजकीय कैदी सुटले आणि दि. ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत करार झाला. पोर्तुगालतर्फे सही केली मारियु सुआरिस यांनी, जे स्वतः सालाझारच्या राजवटीत तुरुंगात राहिले होते. भारतातर्फे होते आपले यशवंतराव चव्हाण.

कुन्हा १९८६ साली गोव्याला परतले. मुंबईत पुरलेले त्यांचे अवशेष तेव्हा पणजीला नेण्यात आले आणि आझाद मैदानावरच्या स्मारकात ठेवण्यात आले. १९९८ साली भारताच्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

यंदा नोव्हेनाची बस परतताना पणजीत थांबेल तेव्हा बाजारातला वेळ दहा मिनिटांनी कमी करून आझाद मैदानावर जायचे असे युवक मंडळाशी बोलून ठरवले आहे. ज्याने तो प्रश्न विचारला त्या मुलानेच तेथे माहिती सांगायचे कबूल केले आहे. जागांसाठी नावे नेहमीप्रमाणे मिस्सानंतर सक्रिस्तीजवळ द्यावीत.